प्रश्न क्रमांक चारशे सतरा

“खाली बघू नका, सर,” विश्वेश नाडगौडा म्हणाला, आणि मी खाली बघितलं.

बारा फुटांवरून माणसाचा आधी भांग दिसतो. माझी बायको पहिल्या रांगेत तिसऱ्या खुर्चीत बसली होती. मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात. बांगडीला अडकवलेल्या दोन सेफ्टी पिना स्टुडिओच्या दिव्यांत चमकत होत्या. ती वर बघत नव्हती. तिला उंचीची भीती नाही. मी उंचावर असलो की तिला भीती वाटते.

‘शिखर’ नावाचा तो कार्यक्रम आता कोणाला आठवत नाही. जेमतेम वर्षभर चालला. नऊ प्रश्न असायचे. उत्तर बरोबर आलं की तुमची खुर्ची दीड फूट वर सरकायची. मागे थर्माकोलचा डोंगर. चुकलं की खुर्ची कुरकुरत तळाला. विश्वेश मालिकांमध्ये नेहमी डॉक्टर व्हायचा. इथे तो शेजारच्या थर्माकोलच्या कड्यावर कठडा धरून उभा राहायचा आणि प्रत्येक उत्तरानंतर “पक्कं का?” असं विचारायचा. लोक त्याला रस्त्यातही “पक्कं का?” म्हणून हाक मारायचे.

“हरिपूरकर सर, शिखरप्रश्न. पंचवीस लाख. तयार?”

“खुर्ची हलतेय,” मी म्हणालो.

“तुमचे पाय हलतायत, सर.”

समोरच्या पडद्यावर प्रश्न उमटला.

घड्याळ दुरुस्ती करणारी महाराष्ट्रातील पहिली महिला कोण?
अ) सरस्वती कानडे
ब) मथुरा लोहार
क) इंदुमती पोतनीस
ड) द्वारका गवळी

माझे पाय हलायचे थांबले. मी हसलो, असं बायको नंतर म्हणाली. तिचा शब्द ‘दात काढलेत’ असा होता.

कारण हा प्रश्न मी लिहिलेला होता. उत्तरही मीच लिहिलेलं होतं. चारही पर्याय माझे. त्यातली मथुरा ही आमच्या घरमालकांची म्हैस, आडनाव मी दिलेलं. आणि यातलं काहीही कोणत्याही दप्तरात, ग्रंथात, शिलालेखात नव्हतं. मी ते सांगलीत, स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत बसून बनवलं होतं.

मी आयुष्यभर प्रश्नोत्तरंच लिहिली. सलग गोष्ट सांगायची म्हटली की हात अडखळतो. तेव्हा जमेल तसं सांगतो.

प्र. गाइड कसे तयार होते? (दोन ते तीन वाक्यांत)

दुसऱ्या गाइडमधून. दुसरं तिसऱ्यामधून. तिसऱ्याचा लेखक वारलेला असतो.

‘हरिपूरकर गाइड’ मात्र असं नव्हतं. भरती परीक्षांना बसणाऱ्या मुलांसाठी मी ते १९९० साली काढलं. वाचनालयं पालथी घातली, कचेऱ्यांना पत्रं लिहिली, कोणी उत्तर दिलं नाही तर जाऊन बसलो. सोबतीला बायकोचा धाकटा भाऊ मुकुंदा. तो कात्रणं चिकटवायचा, प्रुफं नेऊन द्यायचा. तीन आवृत्त्या निघाल्या. मग एका सोमवारी मुकुंदा आला नाही. मंगळवारी लक्षात आलं की कात्रणांची ट्रंकही नाही. दिवाळीत बाजारात ‘मुकुंद गाइड’ आलं. मागच्या बाजूला त्याचा फोटो, हनुवटीखाली मूठ. आतली पानं माझी. माझ्या छपाईच्या चुकासुद्धा त्याने जशाच्या तशा जपल्या होत्या.

बायकोने त्याला जाब विचारला तेव्हा तो म्हणाला, “माहिती काय दाजींच्या मालकीची आहे का, ताई? नेपोलियन कधी मेला हे दाजींनी ठरवलं?”

म्हणून पुढच्या आवृत्तीत मी एक गोष्ट खरोखरच स्वतः ठरवली. प्रश्न क्रमांक चारशे सतरा. जगात जी माहिती फक्त माझ्याच पुस्तकात आहे, ती त्याच्या पुस्तकात दिसली की चोर सापडला.

वर्षभराने ‘मुकुंद गाइड’ विकत घेतलं. पान एकशे बारा. प्रश्न, उत्तर, चारही पर्याय. म्हशीसकट.

उंदीर सापडला होता. अडचण एवढीच, की सापळा माझ्याच देवघरात होता. चोर म्हणून बोट दाखवायचं तर आधी ‘माझ्या पुस्तकात मी खोटं छापलं’ हे कबूल करायला हवं. मग उरलेल्या चार हजार प्रश्नांवर कोण विश्वास ठेवणार? मी गप्प बसलो. तिकडे चारशे सतरा चालू लागला. मुकुंदाचं पाहून तिसऱ्या एका गाइडने घेतला. तिथून तो कुठल्याशा दिनदर्शिकेच्या पाठीवर गेला. मग एका भरतीच्या पेपरातच आला. माझ्या क्लासची चौतीस मुलं पेढे घेऊन आली. मला दोन दिवस जेवण गेलं नाही.

प्र. या सर्वात नुकसान कोणाचे झाले?

मुकुंदा मिरजेत राहायचा. आमच्या घरापासून एसटीने पंचवीस मिनिटं. पण गाइड काढल्यापासून त्याने भाऊबीजेला येणं बंद केलं. मला तोंड दाखवायला नको म्हणून. पहिली दोन वर्षं बायकोने ताट तयार करून वाट बघितली. तिसऱ्या वर्षापासून ती निरांजन घेऊन गच्चीवर जायला लागली. ज्यांना भाऊ नसतो त्या बायका चंद्राला ओवाळतात.

“अगं, तुला भाऊ आहे,” मी म्हणायचो.

“चंद्र वेळेवर येतो,” ती म्हणायची.

‘शिखर’चं निवडपत्र आलं तेव्हा सोबत एक फॉर्म होता. अडल्यास एका मित्राला फोन करता येईल. मित्राचे नाव लिहा.

“मुकुंदाचं लिहा,” बायको म्हणाली.

“मित्र म्हणून?”

“रकाना तेवढाच आहे.”

“अगं, तो मला उत्तर सांगेल?”

“उत्तर राहू दे. फोन तर जाईल. अख्खा महाराष्ट्र ऐकत असताना तुम्ही दोघं भांडणार नाही.”

“आणि तो बोलणार काय?”

“अर्धं बोललाय तो. अर्धं राहिलंय.” ती भांडी आवरत होती, मान वर न करता म्हणाली, “लिहिणार नसाल तर मी मुंबईला येत नाही. सदरे तुमचे तुम्ही इस्त्री करा.”

अर्धं म्हणजे काय, हे मी विचारलं नाही. मी मुकुंदाचं नाव लिहिलं.

म्हणून बारा फुटांवर बसून, ज्याचं उत्तर मला जगात सर्वांच्या आधी माहीत होतं अशा प्रश्नावर, मी म्हणालो, “मला मित्राला फोन करायचाय.”

वचन पाळायचं होतं हे खरं. पण तेवढंच खरं नव्हतं. चोराने चोरीचा माल सगळ्यांसमोर स्वतःच्या तोंडाने बाहेर काढावा, अशी माझी इच्छा होती. अकरा वर्षं मी या अर्ध्या मिनिटाची वाट बघत होतो.

स्पीकरमधून घंटी वाजली.

“नमस्कार, मुकुंदजी. मी ‘शिखर’मधून विश्वेश. आपले मित्र हरिपूरकर सर…”

“मित्र?” स्पीकर म्हणाला.

“रकाना तेवढाच आहे,” मी म्हणालो.

“नियम सांगतो,” विश्वेश घाईने म्हणाला. “आपल्याजवळ एक पुस्तक ठेवायची परवानगी आहे. तीस सेकंद. सुरू.”

“मुकुंदा.”

“दाजी.”

मग दोघंही थांबलो. अकरा वर्षांनी बोलायचं तर सुरुवात कुठून करणार. पाच सेकंद त्यात गेले.

“आवाज जड वाटतोय,” तो म्हणाला. “वजन वाढलं का?”

“मी बारा फुटांवर बसलोय.”

“सर, प्रश्न,” विश्वेश कुजबुजला.

मी प्रश्न वाचला, पर्याय वाचले. म्हशीचं नाव जरा ठसक्यात वाचलं.

“थांबा, थांबा, आहे हे!” पानं फडफडली. “क्रीडा… नद्या… ‘महाराष्ट्रातील पहिले’. पान एकशे बारा. माझ्याच पुस्तकात आहे, दाजी.”

“तुझ्या?”

“माझ्या. घ्या लिहून. उत्तर क. इंदुमती पोतनीस. शंभर टक्के.”

आठ सेकंद उरले होते. तिकडे पुस्तक उघडंच होतं. त्याने बहुधा ती ओळ आयुष्यात पहिल्यांदा वाचली.

“पोतनीस?” तो म्हणाला. “मिरजेत पोतनीस तर आम्हीच. या कोण पोतनीस?”

चार.

“इंदु… अहो दाजी, ही तर आमची ता…”

टुंग.

स्पष्टीकरण.

इंदुमती विश्वनाथ पोतनीस हे नाव १९८४ च्या मे महिन्यात संपलं. लग्नात ताटभर तांदळात अंगठीने मी ‘अनुराधा’ असं लिहिलं आणि ती अनुराधा हरिपूरकर झाली. मी तिला ‘अगं’ म्हणतो. शेजारपाजारचे ‘वहिनी’ म्हणतात, क्लासची मुलं ‘काकू’. मुकुंदा बोलायला लागल्यापासून ‘ताई’ म्हणतो. जुनं नाव उच्चारणारं कोणी उरलं नव्हतं. सापळ्यात घालायला असंच नाव हवं होतं. मी ते घातलं. त्यामागे आणखी काही होतं का, याचा विचार मी केला नव्हता.

आणि मुकुंदाने माझ्या पुस्तकाची पानं कापून सरळ छापखान्यात दिली होती. दहा वर्षं सख्ख्या बहिणीचं नाव त्याच्या पुस्तकात छापलं जात होतं, आणि त्याचा त्याला पत्ता नव्हता.

“तर सर,” विश्वेश म्हणाला, “आपलं उत्तर?”

मी खाली बघितलं. बायकोने आता मान वर केली होती, पण माझ्याकडे नाही. ज्या स्पीकरमधून मुकुंदाचा आवाज आला होता त्याच्याकडे ती बघत होती. मला वाटलं, स्वतःचं नाव ऐकून तिला धक्का बसला असेल. धक्का बसलाच होता. कारण मात्र मी चुकीचं धरलं होतं.

“उत्तर क,” मी म्हणालो. “पण ते खोटं आहे.”

“पक्कं का?” विश्वेशच्या तोंडून सवयीने गेलं.

“पक्कं खोटं. तो प्रश्न मी बनवलेला आहे.”

“कट,” वरून कोणीतरी म्हणालं.

कॅमेऱ्यांवरचे लाल दिवे विझले. निर्मात्या केतकी मॅडम गळ्यात हेडफोन अडकवून धावत आल्या. मी खाली यायला निघालो, तर खुर्ची हलेना. ती कॉम्प्युटरला जोडलेली होती आणि उत्तर नोंदवल्याशिवाय खाली येत नव्हती. त्यामुळे पुढचं सगळं बोलणं माना वर-खाली करून झालं.

“सर, असं कसं खोटं?” मॅडमनी हातातली तीन पुस्तकं उंच धरली. “आम्ही तीन स्वतंत्र संदर्भ बघतो. हे हरिपूरकर, हे मुकुंद, हे तिसरं.”

“पहिलं माझं. दुसऱ्याने माझं उचललं. तिसऱ्याने त्याचं.”

“म्हणजे तिघांचं एकमत आहे.”

“अहो, मीच लिहिलंय ते. मनाने.”

“लेखक तुम्हीच ना? मग तुमच्याहून जास्त कोणाला माहीत असणार?”

“तेच सांगतोय, की मला माहीत आहे, ते खोटं आहे!”

मॅडमनी मान खाली घेऊन चोळली. पुन्हा वर केली. “म्हणजे इंदुमती पोतनीस अशी कोणी बाईच नाही?”

“आहे.”

“कुठे?”

“तुमच्या डाव्या हाताला, तिसऱ्या खुर्चीत.”

बायको उभी राहिली होती. पर्स खुर्चीवर ठेवलेली.

“या तर अनुराधा हरिपूरकर,” मॅडम हातातल्या यादीत बघत म्हणाल्या.

“लग्नाआधीची मी,” बायको म्हणाली. मग मान वर करून माझ्याकडे बघितलं. “खोटं?”

तिचा आवाज मोठा नव्हता. बारा फुटांवर नीट पोचला.

“त्यातलं काय खोटं, अहो?”

“अगं, ‘पहिली’ हे खोटं. पहिली की पंचविसावी, कोणी मोजलंय?”

“ते राहू दे. दुसरं?”

“दुसरं कोणतं?”

“घड्याळं.”

मिरजेत स्टेशनच्या रस्त्याला ‘पोतनीस वॉच कंपनी’ होती. गल्ल्यावर माझे सासरे, अप्पा. काचेमागे मुकुंदा, डोळ्याला भिंग. त्याच्या मागे निळा पडदा. माझ्या वडिलांचं मनगटी घड्याळ घेऊन मी तिथे गेलो, तेव्हा वाऱ्याने पडदा उडाला आणि मागे एक मुलगी दिसली. पुढ्यात सुटे भाग, हातात चिमटा. दुकानातलं प्रत्येक घड्याळ तीच दुरुस्त करायची. गिऱ्हाइकाला कळलं तर मुलीच्या हातात घड्याळ देणार नाही, म्हणून पडदा. पडद्याची गोष्ट फक्त घरातल्यांना माहीत होती. आणि मला. वडिलांचं ते घड्याळ मी पुढे तीनदा मुद्दाम बिघडवलं. चौथ्यांदा अप्पांनी मला घरी चहाला बोलावलं. ती लग्न होऊन सांगलीला आली, आणि वर्षभरात दुकानातून नेलेली घड्याळं मागे पडायला लागली. अप्पांनी तरीही दुकान मुकुंदाच्या नावावर केलं. अप्पांच्या माघारी त्याने ते विकून टाकलं.

“घड्याळं खरी,” मी वरून म्हणालो.

“मग खोटं म्हणून का छापलंत?”

या प्रश्नाला पर्याय नव्हते. चार सोडा, एकही नव्हता.

“एक मिनिट,” केतकी मॅडमचा चेहरा जरा उजळला. “मॅडम, तुम्ही खरंच घड्याळं दुरुस्त करायचात?”

“पंधरा वर्षांची होते तेव्हापासून. नऊ वर्षं.”

विश्वेशला आपणही काही करावं असं वाटलं असावं. कड्यावरून उतरून तो आला आणि मनगट पुढे केलं. “माझं हे बंद आहे. बघता?”

बायकोने घड्याळाकडे बघितलंही नसेल. नुसतं अंगठ्याने बाजूला दाबलं. घड्याळ चालायला लागलं.

“किल्ली बाहेर ओढून ठेवलीय,” ती म्हणाली.

“ते… शूटिंगमध्ये वेळ सारखी दिसायला हवी म्हणून मुद्दाम,” विश्वेश पुटपुटला. पण तोवर प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. त्यांना सकाळपासून तेवढंच काम होतं.

“असा पुरावा चालायचा नाही,” मॅडम म्हणाल्या. “दुकानातलं कोणी आहे का, सांगणारं?”

“मी आहे,” स्पीकर म्हणाला.

सगळे वर बघायला लागले. फोन ठेवायला कोणी सांगितलंच नव्हतं. मुकुंदा पहिल्यापासून ऐकत होता.

बायको चालत स्पीकरच्या खाली जाऊन उभी राहिली. पदर खोचला.

“मुकुंदा.”

“हं, ताई.”

“अप्पांच्या दुकानात घड्याळं कोण दुरुस्त करायचं?”

प्र. मुकुंदाने काय उत्तर द्यावे?
अ) ‘मी.’ म्हणजे पान एकशे बारावरची नोंद खोटी, आणि ती चोरलेली.
ब) ‘अप्पा.’ वरीलप्रमाणेच.
क) ‘ताई.’ म्हणजे नोंद खरी, त्याच्या पुस्तकाची अब्रू वाचली; पण मग तो सात वर्षं काचेमागे नुसता बसला होता, आणि दुकान त्याचं नव्हतंच.
ड) फोन ठेवणे.

मी त्याच्यासाठी लावलेला सापळा माझ्या बायकोने हातात घेतला होता, आणि तो माझ्यापेक्षा तिला चांगला चालवता येत होता.

“तीस सेकंद लावू?” विश्वेशने हळूच विचारलं.

“नका लावू,” ती म्हणाली. “लागेल तेवढा वेळ घेऊ दे त्याला.”

फोनमधून पंख्याचा आवाज येत होता. कोणीतरी पुस्तक मिटल्याचा आवाज आला.

“तू,” मुकुंदा म्हणाला.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

“तूच करायचीस, ताई. मी नुसतं भिंग लावून बसायचो. त्यातून मला धड दिसायचंही नाही. डोकं दुखायचं.”

“माहितीय. रात्री बाम मीच चोळायचे.” तिने खोचलेला पदर सोडला. “भाऊबीज कधी आहे, ठाऊक आहे ना?”

“पान एकशे तीस. सण आणि उत्सव.”

“कोणाच्या पुस्तकातलं?”

पुन्हा पंखा ऐकू आला.

“दाजींच्या,” तो म्हणाला, आणि त्याने फोन ठेवला.

अकरा वर्षं जो कबुलीजबाब मला हवा होता तो हाच. दोनशे माणसांच्या देखत, स्वच्छ आवाजात. आणि सगळे कॅमेरे बंद होते.

केतकी मॅडमनी कोणाकोणाला फोन करून निर्णय दिला: स्पर्धकाचा नातेवाईक प्रश्नात आहे, म्हणून प्रश्न रद्द, दुसरा शिखरप्रश्न. लाल दिवे लागले. विश्वेश कड्यावर चढला. त्याचं घड्याळ आता चालत होतं आणि तो सारखा त्याच्यावर बाही ओढत होता.

“हरिपूरकर सर, ऑक्टोपसला हृदयं किती?”

हे तर माझ्या पुस्तकात होतं. पान अठ्ठ्याऐंशी. मी डोळे मिटून सांगितलं, “दोन.”

“पक्कं का?”

“पक्कं.”

तीन असतात. माझ्या पुस्तकात दोन छापलं होतं. ही चूक मात्र कोणाला पकडायला केलेली नव्हती. आणि ‘मुकुंद गाइड’मध्येही दोनच होती.

खुर्ची कुरकुरत खाली आली. बायको पर्स घेऊन तळाशीच उभी होती. “सावकाश उतरा,” म्हणाली, जणू मी बसमधून उतरत होतो.

परतीच्या एसटीत कराडपर्यंत ती बोलली नाही. कराडला मी शेंगा घेतल्या. त्या सोलता सोलता ती म्हणाली, “सकाळची सातची बॅच.”

“काय तिचं?”

“तुम्ही मुलांकडून पाठ करून घेता. एका सुरात. ‘उत्तर क, इंदुमती पोतनीस.’ भिंतीपलीकडे मी कणीक मळत असते.”

मी शेंग हातात धरून बसलो.

“पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हात थांबले. वाटलं, यांच्या लक्षात आहे.”

“मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?”

“बोलले असते तर तुम्ही लाजून काढून टाकलं असतंत.” ते खरं होतं. “मग एका मुलीकडे मुकुंदाचं पुस्तक बघितलं. त्यातही मी. वाटलं, याला तोंडाने माफी मागता येईना, म्हणून छापली. म्हणून म्हटलं, एकदा फोन करा त्याला. उरलेलं बोलेल.” तिने टरफलं कागदात गोळा केली. “आज कळलं. एकाने सापळा लावला होता, आणि दुसऱ्याने वाचलंसुद्धा नव्हतं.”

बराच रस्ता गेला. कंडक्टर पैसे परत द्यायला येऊन गेला.

“इंदुमती,” मी म्हणालो.

“आता कशाला,” ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, “परीक्षेत येणार आहे का?”

पण पुडीतल्या शेवटच्या चार शेंगा तिने माझ्याकडे सरकवल्या.

भाऊबीजेला मुकुंदा आला. पाय घासून घासून आत आला, पाटावर बसला, टोपी घालायला विसरला म्हणून डोक्यावर रुमाल धरला. ओवाळून झाल्यावर त्याने ताटात पाकीट टाकलं नाही. कागदात गुंडाळलेलं काहीतरी ठेवलं. अप्पांच्या दुकानातलं भिंग. सगळं विकलं तेव्हा तेवढं त्याने ठेवून घेतलं होतं.

बायकोने ते पदराने पुसलं, डोळ्याला लावलं. आधी मुकुंदाकडे नीट बघितलं, मग माझ्याकडे.

“दोघंही उघडून साफ करावे लागणार,” ती म्हणाली, आणि आत करंज्या आणायला गेली.

पुढच्या आवृत्तीत मी चारशे सतरा बदलला.

मिरजेच्या ‘पोतनीस वॉच कंपनी’त घड्याळे कोण दुरुस्त करीत असे?
अ) विश्वनाथ पोतनीस
ब) अच्युत हरिपूरकर
क) इंदुमती पोतनीस
ड) मथुरा लोहार

अच्युत म्हणजे मी. असा प्रश्न कोणत्याही परीक्षेत येत नाही. मुलं तरीही पाठ करतात. मुकुंदाचं नाव मी पर्यायांत घेतलं नव्हतं, उगाच कशाला.

वर्षभराने ‘मुकुंद गाइड’मध्ये हा प्रश्न आला. या वेळी त्याने आधी विचारलं होतं. मी विकत घेतलं आणि पान एकशे बारा उघडलं. तिसऱ्या पर्यायापर्यंत सगळं जसंच्या तसं होतं. चौथा त्याने बदलला होता. म्हशीच्या जागी स्वतःचं नाव घातलं होतं.